कळी कोण उमलवते?
‘फुलराणी’, बाल्कनीतले ब्रह्मकमळ आणि उमलण्याची मराठी कल्पना

मराठीत ‘उमलणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. कळी उमलते, तिला कुणी उमलत नाही. ‘फुलणे’चे ‘फुलवणे’ आपण सर्रास करतो. माळी बाग फुलवतो, कुणी माळरानावर मळा फुलवतो, चांगला वक्ता विषय फुलवतो. ‘उमलवणे’ हे रूप व्याकरणात बसत असले, तरी रोजच्या बोलण्यात ते क्वचितच कानी पडते. उमलणे ही कळीची स्वतःची क्रिया आहे, बाहेरच्याने करायची नव्हे, असा भेद भाषेने मुकाट्याने केलेला दिसतो.

आपल्या साहित्याने मात्र हा भेद फारसा पाळलेला नाही. कवितेतली कळी बहुधा कुणाची तरी वाट पाहत असते. सूर्य येतो आणि कमळ उघडते, चंद्र येतो आणि कुमुद उघडते, वारा येतो, भुंगा येतो, प्रियकर येतो. उमलण्याचे कारण कळीच्या बाहेर ठेवण्याची ही रीत इतकी जुनी आहे, की तिच्याकडे रीत म्हणून पाहायचे आपल्याला सुचत नाही. आणि ‘कळी’ हा शब्द आपण मुलीसाठी, मुलासाठी, विद्यार्थ्यासाठी सहज वापरत असल्यामुळे ही रीत कवितेपुरती राहत नाही. कळी कोण उमलवते, या प्रश्नाच्या आपल्या उत्तरात माणूस कसा वाढतो याविषयीची आपली समजूत दडलेली असते. ती समजूत तपासायची, तर सुरुवात मराठीतल्या सर्वांत लाडक्या फुलापासून करायला हवी.

१. एका रात्रीची कविता

बालकवींची, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे (१८९०–१९१८) यांची, ‘फुलराणी’ अनेकांनी शाळेत असताना पाठ केलेली असते. पाठ झालेली कविता पुन्हा वाचली जात नाही, हे तिचे दुर्दैव. कथा साधी आहे. हिरवळीवर एक अजाण फुलराणी डुलते आहे. आईच्या मांडीपलीकडचे जग तिला ठाऊक नाही. संध्याकाळचा खट्याळ वारा येतो आणि एका सूर्यकिरणाच्या नावाने तिला चिडवतो. ती लाजते. पुढे रात्र होते, सारी सृष्टी झोपते, आणि ही एकटी जागी राहते. पहाटे आकाशात लग्नाची धांदल उडते, पक्षी आणि झरे वाजंत्री होतात, दवाचा अंतरपाट दूर होतो आणि सोनेरी किरण नवरदेव होऊन तिला भेटतो.

या कवितेची आठवण निघाली, की आपल्याला आठवतो तो शेवटचा लग्नसोहळा. फेटे, सनई, मंगलाष्टके यांची ती लगबग आहेच तशी विसरता न येणारी. पण कविता हातात घेऊन तिच्यातली वेळ मोजत गेले, तर वेगळेच चित्र दिसते. दिवसाउजेडी घडणारे तिच्यात फार थोडे आहे. कविता रमते ती संध्याकाळ, रात्र आणि फटफटण्याआधीची वेळ यांत. किरण संध्याकाळी दिसतो तो लांबून, आणि पुन्हा भेटतो तो अगदी शेवटी. मधला सारा विस्तार फुलराणीच्या एकटीच्या जागरणाचा आहे.

दुसरी गोष्ट अधिक नवलाची आहे. या कवितेत उमलण्याचे वर्णन नाही. पाकळ्या कशा सुटल्या, आधी कोणती सुटली, रंग कधी दिसू लागला, यातले बालकवी काहीच सांगत नाहीत. अंतरपाट दूर होतो एवढेच ते सांगतात. फूल उमलले हे आपण आपल्या मनाने वाचतो. फुलाची जातही कवीने सांगितलेली नाही. ज्या कवीची नजर निसर्गावर इतकी खिळलेली, त्याने नेमकी हीच घटना न सांगता सोडावी, हा निष्काळजीपणा असू शकत नाही. लग्नाचे रूपक स्वीकारल्यावर त्याला ती सांगता येत नाही, हे त्याचे खरे कारण. लग्नात नवरी उमलत नाही. पडदा दूर होतो आणि ती दिसते. रूपकाने क्रिया पुसली आणि दर्शन तेवढे ठेवले.

म्हणजे ‘फुलराणी’त एकमेकींत गुंतलेल्या दोन कविता आहेत. एक लग्नाची, तिच्यात किरण येतो म्हणून फूल उमलते. दुसरी जागरणाची, तिच्यात किरण यायच्या कितीतरी आधी फुलात काहीतरी सुरू झालेले असते. पहिली कविता आपण पाठ केली. दुसरी वाचायची राहिली.

२. अशोकाला लागलेला पाय

लग्नाची कविता बालकवींनी शून्यातून काढलेली नाही. तिच्यामागे संस्कृत काव्याचा मोठा संकेत आहे. त्याला ‘दोहद’ म्हणतात. दोहद म्हणजे डोहाळे. विशिष्ट झाडाला फुलण्यासाठी स्त्रीचा विशिष्ट स्पर्श हवा असतो, असा हा संकेत. त्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात आहे. राजवाड्याच्या बागेतला अशोक फुलत नाही. त्याला राणी धारिणीने लत्ताप्रहार करायचा, पण झोपाळ्यावरून पडून तिचा पाय दुखावलेला. म्हणून ती मालविकेला पाठवते आणि पाच रात्रींच्या आत अशोक फुलला, तर तिची इच्छा पुरवण्याचे कबूल करते. अशोक फुलतो आणि मालविकेचा मार्ग मोकळा होतो.

बागेतल्या झाडाला फूल येण्याची वाट पाहणे हा येथे नाट्याचा पेच आहे. पाच रात्रींची मुदत असलेली ही प्रतीक्षा आहे. पण त्या रात्रींत अशोकावर काय घडले, हे नाटक दाखवत नाही. लाथ दिसते, नंतर बहर दिसतो. मधली वाढ पडद्यामागे राहते. संकेताला कारण आणि परिणाम एवढेच पुरतात. मधला काळ त्याच्या उपयोगाचा नसतो.

त्याच कालिदासाच्या ‘शाकुंतला’त मात्र वेगळी नजर आहे. शकुंतलेने नवमालिकेच्या वेलीला ‘वनज्योत्स्ना’ हे नाव ठेवले आहे. आश्रमातल्या झाडांना पाणी घातल्याशिवाय ती स्वतः पाणी पीत नाही. झाडाला पहिले फूल येते तो तिचा सण, असे चौथ्या अंकात तिला निरोप देताना कण्व त्या झाडांनाच सांगतात. येथे शकुंतला फूल आणत नाही. पाणी घालते, वाट पाहते, आणि फूल आले की आनंद करते. मालविकेचा पाय आणि शकुंतलेची घागर या उमलण्याविषयीच्या दोन कल्पना आहेत. पहिलीत बाहेरची व्यक्ती फूल घडवते. दुसरीत ती फक्त सोबत करते. आपल्या परंपरेत दोन्ही होत्या. गाजली ती पहिली.

मराठी संतकाव्यातही या दुसऱ्या नजरेच्या खुणा सापडतात. ज्ञानदेवांच्या नावावर असलेला मोगऱ्याचा प्रसिद्ध अभंग पाहा. दारी लावलेले छोटे रोप, त्याची वाढ, तोडावे तसतसा वाढत जाणारा बहर, असा सारा क्रम त्यात आहे. वनस्पतिशास्त्राला मोगरा आकाशाला भिडलेला चालणार नाही, पण कवितेला चालतो, कारण तेथे मोजमाप अनुभवाचे आहे. लक्षात घेण्याजोगे हे, की या अभंगातल्या मोगऱ्याला फुलण्यासाठी कुणाची लाथ, किरण किंवा स्पर्श लागत नाही. एकाने लावले आणि ते आपले आपण वाढत गेले.

३. बाल्कनीतले जागरण

आता कविता थोडी बाजूला ठेवून, आज महाराष्ट्रात खरोखर पाहिली जाणारी कळी घेऊ. पुण्या-मुंबईच्या बाल्कन्यांत, सांगली-कोल्हापूरच्या परसात, नागपूर-अमरावतीच्या अंगणात कुंडीत लावलेल्या एका झाडाला आपण ब्रह्मकमळ म्हणतो. हे हिमालयातले ब्रह्मकमळ नव्हे. ते सॉसुरिया जातीचे, उंच पर्वतावर उगवणारे, उत्तराखंडचे राज्यपुष्प. आपल्या कुंडीतले एपिफायलम ऑक्सिपेटॅलम मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. ते निवडुंगाच्या कुळातले आहे, कमळाच्या नव्हे. ज्याला आपण त्याचे पान म्हणतो, तो चपटे झालेले खोड आहे. म्हणूनच कळी ‘पाना’च्या कडेच्या खाचेतून निघते आणि पहिल्यांदा पाहणारा चकित होतो.

नावाची ही गल्लत विद्वानांना खटकते. समीक्षेच्या दृष्टीने मात्र या झाडाभोवती तयार झालेली रीत अधिक मोलाची आहे. खाचेत बारीकसा लालसर ठिपका दिसला, की घरात बातमी होते. कळी काही आठवडे वाढते. आधी तिची लांब नळी खाली लोंबते, मग टोकाकडून वर वळू लागते आणि हंसाच्या मानेसारखा बाक घेते. टोकाशी कळी फुगते. अनुभवी डोळ्यांना त्या फुगण्यावरून समजते, की आज रात्री. मग शेजारी बोलावले जातात, निरांजन लावले जाते, खुर्च्या बाल्कनीत येतात. अंधार पडल्यावर बाहेरच्या अरुंद पाकळ्या सुटू लागतात, मग आतल्या पांढऱ्या. वास पसरतो. मध्यरात्रीच्या सुमारास फूल पूर्ण उघडलेले असते आणि पहाटे मान टाकलेली.

मी हे जागरण अनेकदा केले आहे, आणि दर वेळी एकच गोष्ट जाणवली आहे. उमलणे ‘दिसत’ नाही. टक लावून पाहिले तरी पाकळी हलताना डोळ्यांना पकडता येत नाही. चहा घेऊन परत यावे, तर फूल पुढे गेलेले असते. आपण पाहतो तो दोन वेळांमधला फरक, आणि क्रिया बुद्धीने जोडतो. उमलण्याचे वर्णन साहित्यात इतके कमी का, याचे एक साधे उत्तर येथे मिळते. ते वर्णन करायला लागते ती बसण्याची तयारी. एका नजरेत ते मिळत नाही.

डोळ्यांची ही अडचण यंत्राने सोडवली. इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ या चित्रपटकाराने ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून फुले उमलताना दाखवणारा ‘द बर्थ ऑफ अ फ्लॉवर’ हा लघुपट १९१० साली केला. आज प्रत्येकाच्या फोनमध्ये ही सोय आहे, आणि ब्रह्मकमळाची रात्र काही सेकंदांत पाहता येते. यंत्राने क्रिया दाखवली हे खरे; पण तिचा वेळ काढून घेतला. अशा चित्रफितीत कळी झटका बसल्यासारखी उघडते. जणू कुणी कळ दाबली आहे. म्हणजे जुन्या संकेताचेच हे नवे रूप : लाथ लागली आणि अशोक फुलला. मधली रात्र येथेही गळते.

दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) या संदर्भात आठवते. चैत्र ते फाल्गुन अशा बारा महिन्यांवरच्या या ललित लेखांत निसर्ग हा भावनांचा पडदा होत नाही. त्याच्या स्वतःच्या वेळापत्रकाने तो चालतो. दुर्गाबाईंचे परिमाण महिना आहे. ब्रह्मकमळ पाहणाऱ्याचे परिमाण एक रात्र. दोघांत समान आहे ती एकच गोष्ट : पाहणाऱ्याने आपला वेळ बाजूला ठेवून झाडाचा वेळ स्वीकारणे. लोकांच्या अंगी ही रीत आली आहे. मराठी ललित गद्याने मात्र तिची म्हणावी तशी दखल अजून घेतलेली नाही.

४. कळीच्या आत काय चालते?

ब्रह्मकमळ अंधारात उमलते, ही गोष्ट साधी वाटली तरी ती किरण-नवरदेवाच्या कथेला अडचणीची आहे. येथे नवरदेवच नाही. कुमुदाचेही तसेच. चंद्र त्याला उघडतो असे कवी म्हणतात. रात्री उमलणारी कुमुदे अमावास्येलाही उमलतात. प्राजक्त संध्याकाळनंतर उमलून सूर्य वर येईपर्यंत झाडाखाली सडा टाकून मोकळा होतो. गुलबक्षी दिवस कलल्यावर उघडते.

त्याहून बोलके उदाहरण बाजारात मिळते. गजऱ्याचा मोगरा फूल म्हणून तोडत नाहीत, कळी म्हणून तोडतात. सकाळी खुडलेल्या मिटलेल्या कळ्या टोपलीतून, एसटीतून, बाजारातून फिरत दोऱ्यात ओवल्या जातात आणि संध्याकाळी केसांत उमलतात. झाड सुटलेले, मूळ सुटलेले, ऊन नाही, दव नाही, तरी कळी उमलते. जास्वंदीची टपोरी कळी आदल्या संध्याकाळी तोडून पाण्यात ठेवली, की सकाळी पूजेला उमललेले फूल मिळते, हे घरोघरी ठाऊक आहे. उलट कळी बोटांनी सोडवून पाहा. लहानपणी आपण सगळ्यांनी ते केलेले असते. पाकळ्या उघडतात, पण त्याला फूल म्हणत नाहीत. त्या लुळ्या पडतात, कडेने काळवंडतात.

शास्त्र याचे कारण सांगते. अनेक फुलांत उमलण्याआधी पाकळ्यांच्या पेशींत साठवलेल्या पिष्टाचे साखरेत रूपांतर होते. साखर वाढली, की पेशी पाणी ओढून घेतात, ताणतात, मोठ्या होतात. ही वाढ सगळीकडे सारखी झाली असती, तर कळी नुसती मोठी झाली असती. ती असमान होते म्हणून पाकळी वाकते आणि बाहेर वळते. २०११ साली हार्वर्ड विद्यापीठातील हैयी लिआंग आणि एल. महादेवन यांनी लिलीच्या एका जातीवर काम करून दाखवले, की तेथे उमलण्याची मुख्य ओढ पाकळीच्या मधल्या शिरेतून येत नाही, कडांतून येते. कडा मध्यापेक्षा जास्त वाढतात, त्यांना सामावायला जागा उरत नाही, आणि पाकळी बाहेर पलटते. उमललेल्या लिलीच्या कडेवर दिसणारी नाजूक चुणी म्हणजे त्या वाढीने मागे ठेवलेली खूण.

मग बाहेरच्या जगाचे काम काय? ते आहे. ट्यूलिप आणि क्रोकस ही थंड प्रदेशातली फुले ऊब वाढली की उघडतात, उतरली की मिटतात. प्रकाश, अंधार आणि तापमान यांच्या खुणा कळी वाचते. पण खूण आणि हात यांत फरक आहे. याचे सर्वांत सुंदर उदाहरण आहे मॉर्निंग ग्लोरी, जिच्या एका जातीच्या बियांना आपल्याकडे काळा दाणा म्हणतात. तिची निळी फुले पहाटे उघडतात. साहजिकच वाटते, की उजेडाने उघडली. जपानी शास्त्रज्ञांनी या वेलीवर केलेल्या प्रयोगांत दिसले ते उलटे. फूल आपले घड्याळ लावते ते अंधार पडतो त्या क्षणापासून. अंधार सुरू झाल्यावर साधारण दहा तासांनी ते उमलते. म्हणजे पहाटेच्या फुलाची सुरुवात आदल्या संध्याकाळी झालेली असते. सूर्य येतो तेव्हा काम उरकलेले असते.

हे वाचताना ‘फुलराणी’ आठवल्याशिवाय राहत नाही. तिची कथाही पहाटे सुरू होत नाही. दिवस मावळताना सुरू होते. संध्याकाळचा वारा काहीतरी कानात सांगून जातो आणि रात्रभर ती झोपत नाही. बालकवींना हे शास्त्र माहीत असण्याचा प्रश्नच नाही, आणि त्यांची फुलराणी मॉर्निंग ग्लोरी होती असेही मला म्हणायचे नाही. पण ज्याने रानात संध्याकाळी आणि पहाटे फुलांजवळ वेळ काढला आहे, त्याला उमलण्याचा आरंभ कुठे आहे हे आतून उमजलेले असते. त्याच्या रूपकाने नवरदेव आणला. त्याच्या नजरेने रात्र जागवली.

५. निःश्वास आणि स्वगत

लग्नाचे रूपक निरुपद्रवी नव्हते, हे येथे स्पष्ट म्हणायला हवे. बालकवी जन्मले त्याच्या पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचे संमतिवय दहावरून बारा करण्यासाठी झालेल्या त्या कायद्यावरून महाराष्ट्रात रणे माजली होती. आईच्या मांडीवरून बोहल्यावर, हा प्रवास त्या काळच्या असंख्य मुलींचा खराखुरा प्रवास होता. फुलराणी तोच प्रवास एका रात्रीत करते. कवितेच्या बाजूने एवढे म्हणता येते, की तिने त्या मुलीला निदान एक रात्र तिची स्वतःची दिली : जागण्याची, तळमळण्याची, स्वप्न पाहण्याची. प्रत्यक्षातल्या मुलींना तेवढीही मिळत नव्हती.

पुढच्या पिढीत या प्रतिमेला थेट प्रश्न विचारला गेला. विभावरी शिरूरकर हे टोपणनाव घेऊन बाळूताई खरे, म्हणजे नंतरच्या मालती बेडेकर, यांनी १९३३ साली कथासंग्रह प्रसिद्ध केला. त्याचे नाव ‘कळ्यांचे निःश्वास’. शिकलेल्या, मिळवत्या, लग्नाचे वय उलटत चाललेल्या मुलींच्या या कथांनी मोठे वादळ उठवले. गदारोळ मुख्यतः आशयावरून झाला; पण नाव पुन्हा वाचून पाहावे. कवितेतली कळी लाजते, डुलते, वाट पाहते. ही कळी श्वास सोडते. श्वास सोडणाऱ्या गोष्टीला आतले आयुष्य असते, किरण आला नाही तरी असते. विभावरींच्या नायिकांची शोकांतिका नवरदेव आला नाही एवढीच नाही. मुलीचे उमलणे बाहेरच्या कुणाच्या येण्यावर अवलंबून ठेवणारी व्यवस्था, प्रसंगी तिच्या कमाईसाठी ते येणे लांबवणारे घर, हे तिचे मूळ आहे. ‘फुलराणी’तल्या रूपकाचा हिशेब मराठीत प्रथम इतक्या रोखठोकपणे या नावाने मांडला, असे मला वाटते.

तिसरा टप्पा रंगभूमीवरचा. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’चे रूपांतर करताना पु. ल. देशपांड्यांनी नाव घेतले ते ‘ती फुलराणी’. १९७५ साली रंगमंचावर आलेल्या या नाटकात भक्ती बर्वे यांनी मंजुळा उभी केली. फुले विकणारी मुलगी आणि तिला शुद्ध बोलायला शिकवणारा प्राध्यापक, म्हणजे पुन्हा कळी आणि तिला उमलवायला निघालेला हात. नवरदेवाच्या जागी गुरुजी आले, एवढाच फरक. पण शॉच्या मूळ नाटकातच एक गोष्ट आहे, जी या जोडीला तडा देते. फुलवाली एलायझा दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायांनी शिकायला येते, आणि फी देईन म्हणते. आरंभ तिचा आहे. आणि मराठी प्रेक्षकांना या नाटकातले सर्वांत जास्त काय लक्षात राहिले? प्राध्यापकाची विद्वत्ता नव्हे. मंजुळेचे ते स्वगत, ज्यात ती शिकवणाऱ्यालाच धडा शिकवायचे मनसुबे रचते. ते स्वगत ती तिच्या मूळच्या बोलीत बोलते. ज्या बोलीला काट मारायची होती, तिच्यातच तिची ताकद आहे. उमलवणाऱ्याने वरून काही घातले असेल. पण रंगमंचावर जे उमलले, ते आधीपासून आत होते.

बालकवी, विभावरी, पुलं ही ओळ अशी लावली, की मराठीतल्या कळीचा प्रवास दिसतो. पहिली कळी बोलत नाही, तिच्याविषयी बोलले जाते. दुसरी उसासा सोडते. तिसरी तोंडावर बोलते. नवरदेव, घर आणि गुरू यांच्या हातून उमलण्याचे श्रेय हळूहळू कळीकडे परत येत गेलेले आहे.

६. कवी कुठे उभा आहे?

आता ‘फुलराणी’च्या शेवटाकडे परत जाऊ. लग्न लागल्यावर कविता संपायला हवी होती. ती संपत नाही. वनदेवी ही कहाणी हवेत लिहीत राहतात, आणि मग स्वतः कवी तेथे येतो. गुंतत गुंतत येतो आणि फुलराणीवर आपल्या गीतांचा अभिषेक करतो. वरवर पाहता ही तत्कालीन कवितेतली सहीची पद्धत वाटते. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ही जागा महत्त्वाची आहे. कवी वाऱ्यासारखा संध्याकाळी येऊन चिडवत नाही. किरणासारखा पहाटे येऊन वरत नाही. तो सगळे झाल्यावर येतो, आणि त्याचे काम अभिषेकाचे, म्हणजे पाणी घालण्याचे आहे. मालविकेचा पाय आणि शकुंतलेची घागर यांपैकी बालकवींनी स्वतःसाठी काय निवडले, हे उघड आहे.

म्हणून ‘फुलराणी’ निव्वळ लग्नाची कविता म्हणून शिकवणे तिच्यावर अन्यायाचे होईल, आणि बालविवाहाचे गोडवे म्हणून तिला मोडीत काढणे त्याहून अधिक. तिच्या काळाने तिला जे रूपक दिले, त्यात ती अडकली. पण तिची वेळ, तिची रात्र, तिचे जागरण आणि शेवटी बाजूला उभा राहणारा तिचा कवी, यांतून ती त्या रूपकापलीकडचे काही जाणते. वर्गात ती शिकवताना मुलांना एकच प्रश्न विचारावा : या कवितेत फूल नक्की कधी उमलले? उत्तर ओळीत सापडणार नाही. ते शोधायला रात्रीची कडवी पुन्हा वाचावी लागतील.

आणि त्याच वर्गाच्या भिंतीवर बहुधा मुलांना कळ्यांची उपमा देणारा एखादा फलक असतो. ती उपमा चुकीची नाही; तिच्याखालची समजूत तपासून पाहावी. मुलांना फुलवण्याची, घडवण्याची, त्यांच्यातले काहीतरी बाहेर काढण्याची आपल्याला फार घाई असते. शिकवण्या, शिबिरे आणि स्पर्धा यांची बोटे कळीच्या पाकळ्यांत घातली जातात. लागते ते पाणी, लागतो तो अंधारसुद्धा, कारण काही घड्याळे अंधारातच सुरू होतात. ब्रह्मकमळाच्या रात्री बाल्कनीत जमलेली माणसे हे न सांगता जाणतात. तेथे कुणी कळीला हात लावत नाही. लहान मूल पुढे सरसावले, तर आजी त्याचा हात धरून मागे घेते आणि सांगते, ‘थांब, ती आपली आपण उमलेल.’